तीस धपाटे आणि एक ग्रीन बेल्ट

पत्र

नमस्कार ताई,

मी सेलू तालुक्यातल्या जिल्हा परिषद शाळेत शिक्षिका आहे. वय 42. दोन वर्षांपूर्वी लेकीला कराटेच्या क्लासला सोडायला जायचे. बाहेर कट्ट्यावर बसून कंटाळायचे, तर एक दिवस सर म्हणाले, “मॅडम, तुम्हीपण उभ्या राहा की लाइनीत.” उभी राहिले ती राहिलेच. लेकीनं सहा महिन्यांत सोडलं, मी ग्रीन बेल्टपर्यंत आले. आमचा क्लास शोतोकानचा, म्हणजे कराटेतल्या एका शैलीचा, आहे.

मार्चच्या शेवटच्या शनिवार-रविवारी छत्रपती संभाजीनगरला दोन दिवसांचा सेमिनार आहे. बाहेरून मोठे इन्स्ट्रक्टर येणार आहेत. आमच्या क्लासची चौदा मुलं-मुली जाताहेत, सगळी 11 ते 17 वर्षांची. मोठी मी एकटीच. सर म्हणतात, “तुम्ही आलात तर मुलींचे पालक निर्धास्त पाठवतील.” जावंसं फार वाटतं, पण पाय मागं ओढतो. आमच्यातला ब्राउन बेल्टचा मुलगा चौथीला माझ्याच वर्गात होता. तो मला “मॅडम, मागचा पाय सरळ” म्हणतो ते इथं चालून जातं, पण तिथं एवढ्या लोकांसमोर? शिवाय असंही ऐकलंय की बाहेरचे इन्स्ट्रक्टर आपल्या सरांनी शिकवलेलं खोडून काढतात. मग खरं कुणाचं धरायचं? डावा गुडघा कुरकुरतो, तो वेगळाच. आणि सासूबाई म्हणतात, जोडवी काढून पोरांच्यात पोर होऊन नाचायला कशाला जायचं. इकडं मी मुलांसाठी तीस धपाटे करून न्यायचं कबूलही करून बसले आहे. सांगा, जाऊ का?

— एक ग्रीन बेल्ट, परभणी जिल्हा

उत्तर

मॅडम, जा.

एवढं लिहून मोकळी झाले असते, पण तुमच्या पत्रातलं एक वाक्य मला टोचलं. गंमत म्हणजे ते तुम्ही अडचण म्हणून लिहिलेलंच नाही. “तुम्ही आलात तर मुलींचे पालक निर्धास्त पाठवतील.” सर मनानं चांगले असणार, त्याबद्दल शंका नाही. पण या वाक्यात तुम्ही सेमिनारला कशाला जाताय ते बघा. शिकायला नाही, सोबत म्हणून. आणि धपाटे कबूल करून तुम्ही स्वतःच त्यावर सही केलीत.

माझं सांगते. माझा पहिला सेमिनार झाला तेव्हा मी तिशीत होते. नांदेडहून आम्ही बारा-तेरा जण गेलो होतो, त्यात बाई मी एकटी. पहिल्या सकाळी कुणीतरी सहज म्हणालं, “ताई, चहाचं जरा बघता का?” बघितलं. मग नाष्ट्याच्या प्लेटा मोजल्या. मग एका पोराचं नाक फुटलं, त्याच्याजवळ बसले. दुपारी सगळे काता, म्हणजे ठरलेल्या हालचालींचा क्रम, करत होते आणि मी स्वयंपाक करणाऱ्या मावशींशी वरणात मीठ जास्त झालं म्हणून बोलत होते. कुणी जबरदस्ती केली नव्हती. मीच एकेक काम उचलत गेले, कारण काम करताना चुकायची भीती नसते. लाइनीत उभं राहिलं की असते. घरी आले तेव्हा किती कप चहा लागतो ते पाठ झालं होतं, काता नाही. फी मात्र पूर्ण भरली होती.

म्हणून माझं सांगणं एवढंच, की निघायच्या आधीच ठरवा आणि सरांना सांगा: हॉलमध्ये पाय ठेवल्यापासून शेवटच्या ‘रेई’पर्यंत, म्हणजे वाकून केलेल्या नमस्कारापर्यंत, मी ग्रीन बेल्ट आहे, मॅडम नाही. मुलींसोबत मुक्कामाला जबाबदार बाई हवीच, यात सरांचं काही चुकलेलं नाही. ती तुम्हीच एकट्या असावं, हे मात्र चुकतंय. एखाद्या मुलीची आई, जिला कराटे करायचं नाही, तिला सोबत घ्या. तिचं तिकीट आणि जेवण चौदा घरांत वाटलं तर कुणाला जाणवणारही नाही. पालकांचं लेखी संमतिपत्र, सगळ्यांचे फोन नंबर, मुलींची वेगळी खोली, रात्री कोण कुठं झोपणार, हे सरांनी आठ दिवस आधी कागदावर आणायला हवं. तुम्ही शिक्षिका आहात, सहल काढल्यावर काय काय करावं लागतं ते तुम्हाला मी काय सांगू. ती यादी सरांना करून द्या हवं तर, पण राबवू द्या त्यांनाच. रात्री खोलीत मुलींजवळ तुम्ही असालच, पण दिवसा पट्टा बांधला की हजेरी दुसऱ्यानं घ्यायची.

आणि किरकोळ रजेचा अर्ज आजच टाका. शनिवारची सकाळची शाळा, त्यात मार्चअखेर. मुख्याध्यापक आदल्या दिवशी काय म्हणतील ते तुम्हाला माझ्यापेक्षा बरं माहीत.

आता त्या चौथीतल्या पोराचं. मला विचाराल तर तुमच्या पत्रातली सगळ्यात छान गोष्ट ती आहे, तुम्हालाच ती लाजिरवाणी वाटतेय. आधी एक व्यवहाराची गोष्ट. सेमिनारला पहिल्या दहा मिनिटांतच तुमच्या क्लासची फाटाफूट होते. सगळ्यांना बेल्टप्रमाणे उभं करतात. बहुतेक ठिकाणी शिक्षकांकडं तोंड केलं की सिनियर उजवीकडं, आणि तिथून डावीकडं किंवा मागं उतरत उतरत पांढरे पट्टे. तुमचा ब्राउन बेल्ट जाईल एका टोकाला, तुम्ही असाल जालन्याच्या, बीडच्या, हिंगोलीच्या ग्रीन बेल्टवाल्यांत. त्यांच्यात एखादा तुमच्या वयाचा बँकवालाही निघेल. तो तुमच्याकडं बघून हुश्श करेल, बघा. तेव्हा लोकांसमोर पोरगा काय बोलेल याची चिंता निम्मी तिथंच संपते.

उरलेल्या निम्म्यासाठी थोडा इतिहास. शोतोकान ज्यांच्यापासून सुरू झालं ते गिचिन फुनाकोशी (1868–1957) पेशानं शाळामास्तर. जपानच्या दक्षिणेकडच्या ओकिनावा बेटावर वर्षानुवर्षं त्यांनी पोरं शिकवली आणि 1922 साली, पन्नाशी ओलांडल्यावर, प्रात्यक्षिक दाखवायला टोकियोला गेले ते तिथंच राहिले. आपण करतो ते हेइयानचे पाच काता त्यांचे गुरू अंको इतोसू यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला बसवले, ते शाळकरी मुलांना शिकवता यावेत म्हणून. म्हणजे पोरांच्यात उभं राहून हेइयान करणारी शिक्षिका ही काही विचित्र गोष्ट नाही, ते काता जन्मलेच शाळेत. आणि बेल्टचं म्हणाल तर ती काही वेदकाळापासून आलेली उतरंड नाही. फुनाकोशींनी पहिले ब्लॅक बेल्ट 1924 साली दिले आणि ती पद्धत जिगोरो कानो यांच्या ज्युदोकडून घेतली. शंभर वर्षांची रीत आहे. तिचा मान ठेवावा, तिच्याखाली दबून जाऊ नये.

फुनाकोशींच्या वीस सूत्रांतलं पहिलंच सूत्र असं आहे की कराटेची सुरुवात रेईनं होते आणि शेवटही रेईनं. रेई म्हणजे नुसतं कमरेत वाकणं नाही, समोरच्याचा आदर. तो पोरगा तुम्हाला दुरुस्त करतो तेव्हा त्याला वाकून ‘ओस’ (कराटेतलं ‘हो, समजलं’) म्हणा आणि मागचा पाय सरळ करा. हॉलबाहेर आला की तो आपोआप “मॅडम, तुमची बॅग द्या” म्हणेल. आपल्याकडची पोरं अजून तेवढी बिघडलेली नाहीत. फक्त एक करा. निघायच्या आधी त्याला बाजूला घेऊन सांगा, “तिथं मला काही चुकलं तर बिनधास्त सांग, पण सांग जवळ येऊन.” सोळा-सतराच्या पोरालाही अवघडल्यासारखं होतच असतं. ज्या बाईंनी पाढे चुकले म्हणून उभं केलं, त्यांचा पाय कसा दुरुस्त करायचा? तुम्ही परवानगी दिलीत की त्याचंही ओझं उतरेल.

बाहेरचे इन्स्ट्रक्टर आपल्या सरांचं खोडून काढतात का? काढतात. प्रत्येक सेमिनारला. हेइयान शोदानचंच घ्या, एकवीस हालचालींचा काता, सगळ्यात सोपा समजला जाणारा. त्यात चौथ्या हालचालीला उजवा हात मागं ओढून वरून मुठीनं हाणायचं असतं. आता पुढचा पाय मागं किती घ्यायचा, हात किती मोठा फिरवायचा, शरीर किती उचलायचं, यावर मी तीन इन्स्ट्रक्टरांकडून तीन गोष्टी ऐकल्यात, आणि तिघांनीही ‘हेच बरोबर’ म्हणून सांगितल्यात. पहिल्या वेळी मी पार गोंधळले. दुसऱ्या वेळी मनातल्या मनात आमच्या सरांवर रागावले. तिसऱ्या वेळी हसू आलं.

तुम्हाला हे तुमच्याच वर्गातून समजेल. दुसरीच्या मुलांना तुम्ही काय सांगता? तीनातून पाच जात नाहीत, शेजाऱ्याकडून दशक उसना घ्या. तेच मूल सहावीत गेलं आणि ऋण संख्या आल्या की तीनातून पाच खुशाल जातात. म्हणून दुसरीच्या बाई खोटं बोलत होत्या का? त्या मुलाला त्या दिवशी जेवढं पेलणार होतं तेवढं त्यांनी दिलं. तुमच्या सरांनी मैदानावर तीस पोरांना एकदम शिकवताना हालचाल ढोबळ करून दिली असेल. पाहुणे तीच बारकाव्यानं मागतील. कधी खरंच सरांचं चुकलेलंही असेल, तेही माणूस आहेत. आणि कधी नुसती परंपरा वेगळी असते. खुद्द फुनाकोशींनी इतोसूंच्या पहिल्या दोन काताची अदलाबदल केली. ओकिनावात ज्याला ‘पिनान शोदान’ (पहिला) म्हणतात तो आपला ‘हेइयान निदान’ (दुसरा). शिष्यानं गुरूचा क्रमच फिरवला, तरी दोन्हीकडचे लोक सुखानं काता करताहेत.

तेव्हा हॉलमध्ये पाहुणे सांगतील ते, सांगतील तसं, पूर्ण मनानं करा. “आमचे सर असं शिकवतात” हे वाक्य ओठावर आलं तरी गिळा. ते बोलून काता सुधारत नाही, फक्त आपल्या सरांना चारचौघांत उघडं पाडतं. तेही त्याच हॉलमध्ये ब्लॅक बेल्टच्या रांगेत घाम गाळत असतात आणि पाहुणे त्यांचाही खांदा दाबून खाली करत असतात. तुमच्या चौदा पोरांना ते दृश्य दिसणं हाच अर्धा सेमिनार, असं मला वाटतं. सोमवारी क्लासला पुन्हा सरांच्या पद्धतीनं करा आणि क्लास सुटल्यावर एकट्यात विचारा, “तिथं पाय पूर्ण मागं घ्यायला लावला, तो कशासाठी असेल?” ‘कुणाचं बरोबर’ असं विचाराल तर सर बचावाला उभे राहतील, ‘कशासाठी’ विचाराल तर बसून बोलतील.

गुडघा. हा विषय मी हसण्यावारी नेणार नाही. नुसता कट-कट आवाज येतो, दुखत नाही, सुजत नाही, असं असेल तर काळजीपूर्वक चाला. पण सूज येत असेल, मध्येच अडकत असेल किंवा जिना उतरताना दगा देत असेल तर आधी हाडांच्या डॉक्टरला दाखवा, सेमिनार पुन्हा येतील. झेनकुत्सुमध्ये, म्हणजे पुढचा गुडघा वाकवून उभं राहण्याच्या पवित्र्यात, तो गुडघा पायाच्या बोटांच्या दिशेनंच हवा, आत पडू द्यायचा नाही. थकल्यावर तो आत पडतो, आणि दोन दिवसांत थकायला होतंच. तेव्हा दुपारनंतर पवित्रा दोन बोटं उंच ठेवा. एकमेकांत अडकवायच्या मऊ मॅटवर पाय चिकटतो आणि वळताना वरचं शरीर फिरतं, मधल्यामध्ये गुडघा पिळतो. तुमची सवय मैदानातल्या मातीची असणार, म्हणून हे मुद्दाम सांगते: वळताना आधी पाऊल मोकळं करा, मग कंबर. सेइझात, म्हणजे गुडघे दुमडून टाचांवर, बसवलं आणि गुडघा ओरडला तर मांडी घालायची परवानगी मागा. ती सुरुवातीलाच, नोंदणीच्या टेबलावर सांगून ठेवा. कुणी नाही म्हणत नाही. कुमितेच्या, म्हणजे समोरासमोर लढायच्या सरावाच्या, जोडीत समोर सतरा वर्षांचं वारं प्यालेलं वासरू आलं तर वाकून झाल्यावर सरळ म्हणा, “कंट्रोल ठेवू या.” चक्कर आली, छातीत भरून आलं, तर हात वर करा, वाका, बाहेर या. लाज बाळगायची जागा ती नाही.

मार्चच्या शेवटी आपल्याकडं ऊन काय असतं ते वेगळं सांगायला नको. त्यात हॉल पत्र्याचा असला तर दुपारी एकला भट्टी होते. तहान लागायची वाट न बघता प्रत्येक सुट्टीत पाणी प्या. लिटरभर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, एवढं घरचं पाणी बाटलीत असू द्या. चमचा चहाचा, आणि मीठ अंदाजानं टाकायचं नाही. गीचे, म्हणजे कराटेच्या पांढऱ्या पोशाखाचे, दोन जोड न्या, ओला गी दुसऱ्या दिवशी अंगावर चढत नाही. पाळीची तारीख जवळ असेल तर आत गडद रंगाची शॉर्ट घाला, पांढऱ्या कपड्यात मन निम्मं तिकडंच राहतं. पायाची नखं कापा. तळव्याला फोड आले तर लावायला कापडी चिकटपट्टी. रविवारी सकाळी मांड्या अशा आखडतील की भारतीय पद्धतीच्या संडासात बसताना देव आठवेल. घाबरू नका. न सवयीच्या मेहनतीनं स्नायूंना बारीक इजा होते, तिचं हे दुखणं दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी चढतं आणि आपलं आपण उतरतं. झोपून राहिलात तर जास्त आखडाल, थोडं चालत राहा.

जोडव्यांचं मात्र सासूबाईंशी वाद घालून मिटणार नाही. अनवाणी पायात जोडवं मॅटच्या फटीत अडकलं तर बोट जातं. किकमध्ये दुसऱ्याला लागलं तर त्याची कातडी जाते. पट्टी गुंडाळून काही जणी भागवतात, पण बऱ्याच ठिकाणी दागिना अंगावर चालतच नाही, मंगळसूत्रही नाही. हॉलच्या खुंटीवर पर्स टांगून त्यात सौभाग्याचं लेणं ठेवायचं आणि दोन दिवस लक्ष तिकडं ठेवायचं, हे कशाला? शनिवारी निघताना घरीच काढा आणि सासूबाईंच्याच हातात द्या. “रविवारी रात्री येते, तोवर तुम्ही सांभाळा.” त्यांनी नाचायला म्हटलं ते टोमणा म्हणून कमी आणि काळजी म्हणून जास्त असावं, असा माझा अंदाज आहे. चुकीचाही असेल. पण सांभाळायला दिलेली वस्तू माणूस रागानं परत करत नाही, एवढं मी पाहिलंय.

शेवटचं, शनिवारच्या रात्रीचं. जेवणं झाली की तुमच्या पंधरा जणांना गोल बसवा. नाही, थांबा. तुम्ही बसवू नका, त्या ब्राउन बेल्टला बसवू द्या. तुम्ही फक्त वही न्या. दिवसभरात वेगवेगळ्या गटांत प्रत्येकाला वेगळं काहीतरी सांगितलेलं असतं, आणि सकाळपर्यंत त्यातलं बरंचसं उडून जातं. प्रत्येकानं एकच दुरुस्ती सांगायची, पंधरा ओळींत पंधरा. कुणाला ‘हिकिते (मागं ओढायचा हात) कंबरेपर्यंत आण’, कुणाला ‘डोळे आधी वळव’, कुणाला नुसतं ‘श्वास सोड’. मोबाइलवर चित्रण करायचं तर आधी परवानगी विचारा. ती मिळाली तरी वहीच चालू ठेवा, कारण फोनमधलं चित्रण कुणी परत बघत नाही. आणि तुमची पाळी आली की तुमची चूकही सांगा, पोरांसमोर, काय दुरुस्त केलं ते. त्या वहीची झेरॉक्स सरांना द्या. गाडीत परत येताना सेलू येईपर्यंत जागं कोण राहतंय ते बघा, बहुतेक कुणी नाही.

ता. क. धपाट्यांचं. सहा तुमच्यासाठी, चार शेजाऱ्याला द्यायला. बाकी चौदा घरांत चौदा तवे आहेत.